न पाहिलेल्या सिनेमाची साक्ष

आमच्या सिरसाळ्यात कुणी थाप मारली की ऐकणारा म्हणतो, "ह्यो बिभीषणाचा पिच्चर हाय का?" हे बोलणं आता इतकं रुळलंय की परवा बसथांब्यावर कॉलेजातली दोन पोरं एकमेकांना तसं म्हणाली. मी त्यांना विचारलं, "बिभीषण कोण, ठाऊक आहे का?"

एक म्हणाला, "असंल की कोनतरी लबाड मानूस."

दुसरा म्हणाला, "रामायणातला असंल, सर."

मी मान हलवली आणि बसमध्ये चढलो. बिभीषण अण्णा लबाड नव्हते. ही म्हण माझ्यामुळं पडली, आणि ज्या दिवशी ती पडली त्या दिवशी बाकड्यावर खोटं बोलायच्या तयारीनं आलेला माणूस मी होतो. अण्णा आता नाहीत. गावात त्यांचं नाव उरलंय ते एवढ्यापुरतंच, आणि तेही उलटं. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं बाकडं दत्तू टेलरच्या दुकानासमोर होतं. अजून आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रोज उन्हं कलली की तिथं जाऊन बसायचो. मारोती कंडक्टर यायचा. एसटीतून निवृत्त होऊन त्यालाही बरीच वर्षं झाली होती, पण गावात त्याला कंडक्टरच म्हणतात. आणि बिभीषण अण्णा यायचे. दत्तू आत मशीनवर, आम्ही तिघं बाहेर पत्र्याखाली. पूर्वी तिथं राजकारण चालायचं. आमच्या जिल्ह्यात राजकारण काढलं की चहा थंड होतो आणि माणसं तापतात. एकदा दोन गिऱ्हाइकं शिवायला दिलेलं कापड परत घेऊन गेली, तेव्हा दत्तूनं सगळ्यांना सांगितलं, "बाकड्यावर पिच्चरचं बोला. न्हाईतर बाकडं आत घेतो."

तेव्हापासून सिनेमा सुरू झाला. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आलेलाच होता. काल कुणी काय पाहिलं आणि ते कसं होतं, एवढंच बोलायचं. मारोतीची मतं कंडक्टरची असायची. "शेवटच्या थांब्यापर्यंत बसन्याजोगा हाय," किंवा "मधीच उतरून घ्या, पुढं रस्ता खराब हाय." दत्तूला फक्त कपडे दिसायचे. माणूस फासावर चालला असला तरी हा म्हणायचा, "पन शर्टाचा खांदा पाहिला का? उतरलाय पार." मी शाळेत मराठी शिकवलेला माणूस. मी दिग्दर्शन म्हणायचो, पटकथा म्हणायचो, आशय म्हणायचो. ते ऐकून घ्यायचे. रस्त्यानं जाणारा एखादा थांबून विचारायचा, "सर, आज काय पाहू?" मला ते फार आवडायचं. ते किती आवडायचं हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

अण्णा मेंढपाळाच्या घरातले. माझ्याहून काही वर्षांनी मोठे. उंच, किंचित वाकलेले, आणि कंबर धरलेल्या माणसासारखे सावकाश बसणारे. मेंढरं पुतण्याच्या ताब्यात देऊन ते घरी थांबले होते. दारात चार शेळ्या होत्या, त्यांच्यामागं दिवस जायचा. पुण्याला कामाला असलेल्या नातवानं त्यांना मोबाइल दिला होता. दत्तूनं पँटच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून दिली होती, ती गळ्यात आणि तिच्यात मोबाइल. अण्णांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं सिनेमाचं नाव त्यांना कधीच ठाऊक नसायचं. पडद्यावर जी चित्रं येतात त्यातला एखादा चेहरा बघून ते ठरवायचे. "हा मानूस बरा दिसतोय," म्हणायचे आणि बोट लावायचे. दारात आलेल्या पाहुण्याला आत घ्यावं तसं.

आणि एकदा आत घेतला की शेवटपर्यंत त्याच्याशी पाहुण्यासारखंच वागायचे. सिनेमातली माणसं त्यांना नात्यानं ठाऊक असायची. हिरो, हिरॉईन, व्हिलन असं काही नाही. त्या पोरीचा सासरा, त्या दारुड्याची थोरली बहीण. गुन्हेगारांच्या एका गाजलेल्या सिनेमावर आम्ही तासभर बोललो. मी हिंसेवर बोललो, मारोती पाठलागावर. अण्णा सगळं ऐकून शेवटी म्हणाले, "सगळ्या पिच्चरात त्याला कुनी जेव मनलं न्हाई. आईनं बी न्हाई. मंग काय व्हनार?"

पडद्यावर कुणी मेलं की ते मोबाइल थांबवायचे, उठून चूळ भरायचे, जरा वेळ बसायचे, मग पुढचं बघायचे. मारोतीला हे कळलं तेव्हा त्याला हसू आवरेना.

"आवो अण्णा, तो मेलेला हिरो दुसऱ्या पिच्चरात नाचतोय की!"

"तिकडं नाचंना का. इकडं तर मेला न्हवं?"

"मंग दहावं बी घाला त्याचं."

"त्याची माणसं हायत घालायला," अण्णा म्हणाले. ते चिडत नसत. चेष्टेला ते प्रश्न समजत आणि उत्तर देत.

एकदा भर दुपारी ते धापा टाकत दुकानात आले. मी तेव्हा तिथंच होतो. "दत्तू, चार्जर दे. लवकर दे. लेकरू हरवलंय." दत्तू मशीनवरून उडालाच. "कुनाचं? कुठं?" "जत्रंत. लाल झबलं हाय अंगात." आमच्याकडं त्या दिवशी कसली जत्रा नव्हती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दत्तू अनवाणी रस्त्यावर. समोरच्या किराणावाल्यानं शटर अर्धं ओढलं आणि तोही निघाला. मारोती बसथांब्याकडं पळाला आणि उभ्या गाडीत चढून लाल झबल्याचं पोर शोधू लागला. अण्णा मात्र प्लगपाशी उकिडवे बसून मोबाइलकडं बघत होते. थोड्या वेळानं स्क्रीन उजळली, त्यांनी बोट लावलं, आणि जरा वेळानं बाहेर येऊन हात वर करून ओरडले, "सापडलं! पोलिसाजवळ हाय!"

खरा प्रकार कळल्यावर मारोतीनं त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. दत्तू म्हणाला, "कावून असं करता, अण्णा? माझा जीव गेलता की." अण्णांना त्याचा राग समजतच नव्हता. "आरं बाबा, बॅटरी संपली तवा ती माय रडत उभी व्हती. तिला तसंच सोडून निजू का मी?"

त्या दिवशी कुणी म्हणालं नाही की अण्णा खोटं बोलले. तसं कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं, कारण बाजार. आमच्या आठवडी बाजारात शेळ्यामेंढ्यांचा व्यवहार अण्णांच्या शब्दावर चालायचा. घेणारा म्हणायचा तीन महिन्यांची गाभण आहे का बघा, विकणारा म्हणायचा बघा की. अण्णा पोटाला हात लावायचे, दात बघायचे आणि सांगायचे. मग त्यावर कुणी बोलत नसे. मध्यस्थ म्हणून त्यांचं कुणी ऐकायचं असं नव्हे. त्यांचं सांगून झालं की बोलणंच संपायचं. स्वतःची शेळी विकायला आणली होती तेव्हा घासाघीस चालू असतानाच ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "एक सांगायचं ऱ्हायलं. ही पिलाला लाथ मारती. पहिले दोन दिवस धरून पाजावं लागतं." पुतण्या शेजारी कपाळाला हात लावून उभा होता. शेळी विकली गेली नाही. पुढच्या बाजारी तेच गिऱ्हाईक परत आलं आणि तीच शेळी घेऊन गेलं.

गावात अण्णांच्या नावावर जमीन नव्हती, पद नव्हतं. सोयरीक जुळवताना, बांधावरून वाद झाला तर, माणसं त्यांना बोलवायची ती या एका गोष्टीसाठी. बिभीषणानं सांगितलं म्हणजे झालं. त्यांची कमाई ती होती.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल.

बायको गेल्यावर मला सिनेमा पूर्ण बघता येईनासा झाला. सुरुवातीला बसायचो, पण अर्ध्या तासात मन कुठंतरी जायचं, किंवा डोळा लागायचा. घरात कुणी उठवणारं नव्हतं. मग मला ते व्हिडिओ सापडले, ज्यात एक माणूस घाईघाईनं दहा मिनिटांत सगळा सिनेमा सांगून टाकतो. ही इथं गेली, त्यानं तिला मारलं, शेवटी कळतं की तो तिचा भाऊच होता. मी ते बघू लागलो. चहा उकळेपर्यंत एक सिनेमा व्हायचा. संध्याकाळी बाकड्यावर मी त्यावर आशय आणि पटकथा चढवायचो. कुणाला काही कळलं नाही. पुढं पुढं मलाही आपण सिनेमा पाहिलेला नाही हे आठवेनासं झालं.

फक्त अण्णा शेवटपर्यंत बघणारे होते. गाणीसुद्धा पुढं ढकलायचे नाहीत. "त्यांनी म्हनायला घेतलंय तर ऐकावं की." त्यामुळं त्यांचे प्रश्न मला अडचणीत आणायचे. शहरात मुलाकडं राहायला गेलेल्या एका म्हाताऱ्याच्या सिनेमावर मी बरंच बोललो, तर अण्णा म्हणाले, "सर, त्याच्या जुन्या घरचं कुत्रं शेवटी कुठं गेलं ओ? मला काय कळलं न्हाई." दहा मिनिटांत कुत्रं आलंच नव्हतं. मी म्हणालो, "ते कुत्रं म्हणजे प्रतीक आहे, अण्णा."

"ओहो," मारोती म्हणाला. दत्तूनं आतून मान हलवली.

अण्णांनी माझ्याकडं जरा पाहिलं. "हां, तसंच असंल," ते म्हणाले. मी तो विषय तिथं संपवला.

मग ते दोन भावांचं झालं. शेतीवरून वैर पडलेल्या दोन भावांचा एक सिनेमा मी दत्तूला बघायला सांगितला होता. शेवटी दोघं भाऊ एक होतात तो प्रसंग फार उंचीचा आहे, असं मी त्याला सांगितलं. दत्तू बायकोसोबत बसून सगळा सिनेमा बघून आला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, ते एक होत न्हाईत की. धाकला निघून जातो. आमची ही रडली." मी म्हणालो, होतात. तो म्हणाला, न्हाई. मारोतीला वास आला. आयुष्यभर विनातिकीट माणसं पकडलेला तो. तो बाकड्यावर माझ्याकडं सरकला.

"सर, तुमी पाहिला का निस्ता ऐकला?"

माझे कान तापले. इतक्यात अण्णा म्हणाले, "माझ्या मोबाइलवर बी सरांवानीच व्हता. दोघं गळ्यात पडले. दोन शेवट काढले असत्याल त्यांनी."

"असं असतं व्हय?" दत्तू म्हणाला.

"असत्याल. एवढं कापड हाय, दोन सदरे व्हत्यात," अण्णा म्हणाले, आणि दत्तू हसला, आणि मी वाचलो.

इथं मला जे सांगायचंय ते सांगायला जड जातं. त्या संध्याकाळी घरी जाताना मला अण्णांचे उपकार वाटले नाहीत. मला त्यांचा राग आला. या माणसाला सगळं ठाऊक आहे, बहुतेक त्या कुत्र्यापासूनच ठाऊक आहे, आणि यापुढं बाकड्यावर मी तोंड उघडलं की ते याच्या दयेवर असेल. नावसुद्धा वाचता न येणाऱ्या माणसानं मला झाकून घेतलं होतं. मी रात्रभर तेच घोळवलं. सकाळी चहा उकळताना माझ्या मनानं एक सोयीचा रस्ता काढला. अण्णा खोटं बोलले. कारण काही असो, न पाहिलेला शेवट पाहिला म्हणाले. म्हणजे हा माणूस खोटं बोलू शकतो. मग ते लोकांना का कळू नये?

दोन-तीन दिवस जाऊ दिले. मग बाकड्यावर बसल्यावर मी म्हणालो, "काल एक विलक्षण सिनेमा पाहिला. बिनदाराचं घर."

असा कुठलाही सिनेमा नव्हता. नाव मी वाटेत येताना रचलं होतं.

"काय हाय त्यात?" मारोती म्हणाला.

मी सांगायला लागलो. एक माणूस बऱ्याच वर्षांनी गावी येतो. घर जागेवर आहे, पण त्याला दारच नाही. दाराच्या जागी भिंत घातलेली आहे. तो घराभोवती फिरतो. एवढं सांगून मी अडखळलो. मुद्दाम. कपाळ चोळलं. "मग... मग ती बाई येते. कोण बरं ती... काय होतं तिचं..."

मारोतीचे डोळे चमकले. "आठवंना व्हय? का ह्यो बी ऐकलेलाच?"

अण्णांकडं पाहिलं. एखाद्या बुडणाऱ्यानं पाहावं तसं पाहिलं. तेही मी आधी ठरवलं होतं.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मारोतीकडं पाहिलं. पिशवीतला मोबाइल उगाच चाचपला. मग म्हणाले, "पाहिला की म्या बी ह्यो. ती त्याची बहीन असती, सर."

"हां, बहीण," मी म्हणालो. "पुढं?"

"पुढं ती मनती, दादा, दार म्याच बुजवलं. तू गेला तवा आई रोज दारात बसायची. ऊन न्हाई, पाऊस न्हाई. जेवायची न्हाई. मंग दारच न्हाई ऱ्हायलं तर वाट कुठं पाहील? म्हनून बुजवलं."

मशीन थांबलं होतं. दत्तू दारात येऊन उभा राहिला.

"मंग आई कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"आतच हाय. पाठीमागून एक लहान वाट हाय, बहीन तिथून भाकर देती. हा भिंतीला कान लावतो. आतून आई इचारती, कोन हाय? आन ह्याला तोंडातून आवाजच निघंना. काय मनावं? मी हाय मनावं तर इतके दिस कुठं व्हता? तो तसाच हुभा ऱ्हातो." अण्णा थांबले. "तिथं संपतो."

मारोतीही ऐकतच राहिला होता. मी हे तिथंच थांबवू शकत होतो. मी म्हणालो, "असा सिनेमाच नाही, अण्णा. नाव मी आत्ता येताना वाटेत रचलं."

मारोतीला समजायला एक क्षण लागला. मग तो जो हसला, तो बाकड्यावरून खालीच बसला. "अण्णा! आवो अण्णा! काय फेकलं ओ, काय फेकलं! आई भिंतीत घातली की तुमी!" दत्तू हसला. किराणावाला येऊन विचारू लागला आणि त्याला सांगितल्यावर तोही हसला. मी हसलो.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. अनोळखी गावात रस्ता चुकल्यावर माणूस खुणेचं काही दिसतंय का बघतो, तसं पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "असं व्हय. लई चांगला रचला, सर." हातातला चहा संपवला, कप धुऊन जागेवर ठेवला आणि गेले.

ते एक वाक्य बोलले असते, "मी सरांसाठी बोललो," तर बाजी पलटली असती. दोन भावांचा शेवट दत्तूला ठाऊकच होता. ते बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतर कधीही नाही.

मारोतीला अख्खा तालुका ओळखतो. आठवड्याभरात ही गोष्ट चहाच्या गाड्यांवर, कटिंगच्या दुकानात, बाजारात पोचली. पुढच्या बाजारी मी भाजी घ्यायला गेलो होतो. शेळ्यांच्या बाजूला गर्दी दिसली म्हणून उभा राहिलो. अण्णा एका शेळीच्या पोटाला हात लावून वाकले होते. "गाभण हाय," ते म्हणाले. घेणारा परगावचा, तरणा होता. तो म्हणाला, "खरीखुरी गाभण हाय का पिच्चरातली हाय, अण्णा?"

भोवतीची माणसं हसली. त्यातली कितीतरी अण्णांच्या शब्दावर वर्षानुवर्षं जनावरं घेतलेली होती. अण्णांनी शेळीच्या पोटावरचा हात काढून घेतला. विकणारा म्हणाला, "आरं, चेष्टा केली त्यानं. सांगा की अण्णा, किती महिन्याची?" अण्णा म्हणाले, "दुसऱ्या कुनाला दाखवा." आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. ते माझ्या अगदी जवळून गेले. मी मेथीच्या जुडीतली पानं निवडायला लागलो.

त्यानंतर ते बाजारात आले नाहीत. बाकड्यावर तर नाहीच. बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. माफी मागायला गेलो होतो असं मी स्वतःला सांगत होतो. दारात शेळ्या नव्हत्या. त्यांची बायको, गयाबाई, शेणी थापत होती. तिनं हात धुतले नाहीत, बसा म्हणाली नाही, चहाचं विचारलं नाही. आमच्या भागात याचा अर्थ लहान पोरालाही कळतो.

"मेंढरामागं गेलेत," ती म्हणाली. "पुतन्याबरूबर. तिकडं गोदावरीच्या अंगाला."

"या वयात?"

"हितं बसून काय करावं? मानसं हसत्यात." तिनं एक शेणी भिंतीला मारली. "सर, त्यांनला ठावं व्हतं असला पिच्चर न्हाई म्हून. मला घरी येऊन सांगितलं. मी मनलं, मंग कावून बोलले? तर मनले, सर अडकले व्हते गं, आन मारोती टपून बसला व्हता. मी हुंकार देला."

मला समजलं नाही असं तिला वाटलं असावं. तिनं समजावलं. मेंढरांच्या तळावर सांजच्याला म्हातारी माणसं कहाणी सांगतात. ऐकणाऱ्यातल्या एकानं हुंकार द्यायचा असतो. हूं, हूं करत राहायचं. हुंकार थांबला की कहाणी थांबते आणि सांगणाऱ्याचा अपमान होतो. सांगणारा विसरला, अडखळला, तर हुंकार देणाऱ्यानं पुढचं पाऊल टाकून त्याला हात द्यायचा. मग सांगणारा पुन्हा चालू लागतो. अण्णा पोरवयापासून हुंकाराला बसायचे.

"सांगनाऱ्याला मधी एकटं सोडू न्हाई, असं हाय आमच्यात," गयाबाई म्हणाली. "तुमच्यात काय हाय ते तुमाला ठावं."

मी परत फिरलो. दत्तूच्या दुकानावरूनच वाट होती. मारोती बाकड्यावर होता. मी ठरवलं होतं की जाऊन सगळं सांगायचं. व्हिडिओचं, दोन भावांचं, सगळं. मारोतीनं सरकून जागा दिली. "या सर. आज काय पाहिलं?" रस्त्यानं जाणारा एकजण उत्तर ऐकायला थांबला. आणि मी त्याला एक सिनेमा सांगितला. दहा मिनिटांचा.

अण्णा मला त्यानंतर एकदाच भेटले. माझी मुलगी गेवराईला दिलेली आहे. तिच्याकडं जाताना बीडच्या पुढं आमच्या बसचं टायर बसलं. ड्रायव्हर-कंडक्टर चाक बदलू लागले, आम्ही खाली उतरलो. रस्त्याला लागून एका कापसाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवलेली होती. खतासाठी शेतकरी बसवून घेतात. बाजूला काट्यांच्या कुडापाशी अण्णा उभे होते. उन्हानं काळवंडले होते, गालफडं आत गेली होती. गळ्यात ती पिशवी नव्हती. मोबाइल चार्ज करायला तिकडं काही नव्हतं, हे मला नंतर सुचलं.

मी रान ओलांडून गेलो. त्यांनी ओळखलं. "सर! हिकडं कुठं?" म्हणाले. आवाजात राग नव्हता. आनंदच असावा. त्यानं मला अधिक लाज वाटली.

मी उभ्या उभ्या सांगितलं. फार काही नाही. "अण्णा, मी तुम्हाला मुद्दाम अडकवलं. मला तुमची भीती वाटली. गयाबाईंनी मला सगळं सांगितलं. मी गावात जाऊन सांगतो. बाकड्यावर सांगतो, बाजारात उभा राहून सांगतो."

अण्णांनी एका मेंढीच्या पायात रुतलेला काटा काढायला घेतला होता. तो त्यांनी आधी काढून टाकला. मग म्हणाले, "नगा, सर."

"का?"

"म्या आता मेंढरात हाय. मला हितं कोन काय मनतं? तुमाला मातर त्याच बाकड्यावर बसायचंय रोज. घरी तरी कोन हाय तुमच्या?"

मी म्हणालो, "पण लोक तुम्हाला लबाड म्हणतात, अण्णा."

त्यांना ते लागलं, हे मला दिसलं. मेंढीचा पाय त्यांनी खाली सोडला. "मनत्यात खरं," ते म्हणाले. "नातीची सोयरीक आलती. पाहुन्यांनी बाजारात इचारलं. मंग ते परत आले न्हाईत." आणि लगेच पुढं म्हणाले, "व्हईल कुठंतरी. तुमी नगा मनाला लावून घेऊ."

खरं सांगतो, त्यांनी "नगा" म्हटलं तेव्हा मला हायसं वाटलं. नातीचं ऐकूनही ते हायसं वाटणं गेलं नाही. मी दोनदा आग्रह केला, जेवणाच्या पंगतीत पोट भरलेल्याला करतात तसा. मग गप्प बसलो. त्यांनी आयुष्यभर जे जे सांगितलं त्यातलं मी मानलेलं हे एवढंच. ते गेल्याची बातमी मला उन्हाळ्यात कळली. त्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो. तिथंही कुणीतरी बिभीषणाच्या पिच्चरचं काढलं, आणि दुखवट्याला बसलेली माणसं गालातल्या गालात हसली, आणि मला अण्णांचा शब्द आठवला. त्यांनी नगा म्हटलं होतं. मी त्या शब्दामागं लपून बसलो. आज इतक्या दिवसांनी तो शब्द मोडतो आहे. त्यांच्या नातीचं अजून जमलेलं नाही, असं ऐकतो. हे कुणी तिच्या पाहुण्यांना वाचून दाखवलं तर बरं होईल. बाकड्यावर मी स्वतः वाचणार आहे.

त्या दिवशी चाक बदलून झाल्यावर कंडक्टरनं घंटी मारली, मी रान ओलांडून बसमध्ये येऊन बसलो. गाडी सुरू झाली आणि दहा पावलांवर पुन्हा थांबली. एक कोकरू रस्त्याच्या मधोमध येऊन उभं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तसं ते आणखी घाबरून जागेवरच बसलं. मागं ट्रकांची रांग लागली. सगळे हॉर्न देऊ लागले. अण्णा पळत आले, त्या वयात जेवढं पळता येईल तेवढं. गाडीपुढं आडवा हात धरून उभे राहिले, वाकून कोकरू उचललं, काखेत घेतलं आणि रस्त्याच्या कडेला गेले. ड्रायव्हरनं खिडकीतून त्यांना एक शिवी हासडली. अण्णांनी मोकळा हात कपाळाला लावून साऱ्या गाडीला रामराम केला. मी खिडकीतच होतो. तो रामराम मलाही होता की नाही, हे बघायला मी मान वर केली नाही.